ड्रम फिरला, रताळी चिकटली

पत्र : मी २४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी बेळगावातच मेकॅनिकलची बी.ई. झालो. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर मायक्रोमीटर आणि रिपोर्ट. मला डिझाइनमध्ये जायचंय, पण दाखवण्यासारखं काही नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी तयार विकत घेतला, खोटं कशाला सांगू. म्हणून यंदा स्वतःच्या पैशाने काहीतरी करायचं ठरवलं. उचगावकडे मामांचं रताळ्याचं शेत आहे. मामी ओढ्यावर रताळी धुते. मी धुण्याचं यंत्र केलं : दोन फूट व्यासाचा, चार फूट लांब जाळीचा ड्रम, मधून २० मिलिमीटरचा शाफ्ट, एक एचपी मोटार, ३ आणि १२ इंची पुलींच्या दोन जोड्या. ड्रम फिरला, पण रताळी जाळीला चिकटून गोल फिरायला लागली, धुतली गेलीच नाहीत. जी सुटली त्यांची साल निघाली. तिसऱ्या दिवशी शाफ्टचा की-वे, म्हणजे पुली पकडणाऱ्या चावीची खाच, फाटला. मेस्त्रींनी पुली शाफ्टला वेल्ड करून दिली, मामा हसले, यंत्र गोठ्यात पडून आहे. आता एक क्लासवाले ६५ हजारांत डिझाइन सॉफ्टवेअरचा मोठा कोर्स देतायत. वडील म्हणतात, बेंगळूरला जाऊन आयटी बघ. काय करू? — कागदावरचा इंजिनिअर

उत्तर :

आधी सही बदल. ज्याचं यंत्र गोठ्यात पडलंय तो कागदावरचा नव्हे. माझ्याकडे महिन्याला अशी पाच-सहा पत्रं येतात. बहुतेकांत स्क्रीनवर फिरणाऱ्या गिअरबॉक्सची चित्रं असतात आणि "सर, कसं वाटलं?" असतं. फाटलेल्या की-वेचा फोटो पाठवणारा तू पहिलाच. तो फोटो मी दोनदा मोठा करून बघितला.

आता कामाचं बोलू. वडील आणि कोर्स नंतर.

तुझी मोटार १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्यांची, धरतो. ३ वर १२, परत ३ वर १२, म्हणजे चार गुणिले चार, सोळापट कपात. १४४० भागिले १६, ड्रम ९० आरपीएमने फिरतोय. लहानपणी आडावर पाण्याची बादली उभी गोल फिरवली असशील. वेग पुरेसा असला तर बादली उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. तुझी रताळी म्हणजे त्या बादलीतलं पाणी. ड्रमच्या माथ्यावर वजन खाली ओढतं, आणि तिथं गोल फिरत राहायला जेवढी ओढ लागते तेवढीच ती ओढ झाली की वस्तू भिंत सोडत नाही. गणित दोन ओळींचं आहे : कोनीय वेगाचा वर्ग म्हणजे 'जी' (गुरुत्व त्वरण) भागिले त्रिज्या. त्रिज्या साधारण ०.३०५ मीटर घेतली तर उत्तर येतं ५४ आरपीएमच्या आसपास. रताळ्याची स्वतःची जाडी धरली तर थोडं वर. तू ९० वर होतास. तिथं मातीच काय, खडासुद्धा खाली पडणार नाही. रताळी एकमेकांवर घरंगळायला हवी असतील तर त्या आकड्याच्या निम्म्यावर ये, २५ ते ३० आरपीएम.

हे सूत्र तू दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिलंयस, पैजेवर सांगतो. तिथं त्याच्यापुढे रताळी नव्हती एवढंच.

इथून पुढे खरी गंमत. तू म्हणशील, सोपं आहे, वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणतो. आण बरं. मोटार तीच एक एचपी, म्हणजे ७४६ वॅट. ९० आरपीएमला शाफ्टवर पिळाचा जोर येत होता सुमारे ७९ न्यूटन-मीटर. ३० आरपीएमला तोच होतो २३७. २० मिलिमीटरच्या शाफ्टमध्ये ७९ ला कातरताण, म्हणजे पिळाने धातूत येणारा ताण, साधारण ५० मेगापास्कल येतो. की-वे पाडलेल्या साध्या पोलादी शाफ्टला पुस्तकं ४० च्या आसपास थांबायला सांगतात, आणि यात ड्रमच्या वजनाने शाफ्ट वाकतो तो भार वेगळा, मोटार सुरू होतानाचा झटका वेगळा. म्हणून तुझा की-वे फाटला. मेस्त्रींनी पुली वेल्ड केली, आता की-वे फाटणार नाही, शाफ्टच तुटेल. २३७ ला हाच ताण १५० च्या वर जातो. म्हणजे नुसता वेग कमी केलास तर तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी तुटलं असतं. मग तू ३५ चा शाफ्ट घेशील, त्याला मोठी बेअरिंगं, मोठी चावी, मोठी पुली, आणि वजन वाढलं म्हणून अँगलची फ्रेम जाड. नवशिक्या डिझायनरचं यंत्र असंच जाड होत जातं. मी स्वतः अशी दोन केली आहेत. त्यातलं एक उचलायला क्रेन मागवावी लागली होती.

थांब आणि उलटा विचार कर. ड्रमला मधून शाफ्ट पाहिजेच कशाला?

ड्रमच्या दोन्ही टोकांना बाहेरून पट्टीचं कडं घाल आणि ड्रम खाली चार रोलरवर ठेव. पुढं-मागं सरकू नये म्हणून एका बाजूच्या रोलरांना कड ठेव. आता ड्रम कडेवरून फिरव. एका कड्यावर जुनी चेन गोल वेल्ड कर आणि तिला बाजूच्या छोट्या स्प्रॉकेटने (दातेरी चाकाने) ढकल. कडं २४ इंची आणि स्प्रॉकेट साधारण ४ इंची धरलं तर सहापट कपात इथेच फुकट मिळाली. ड्रम ३० ला हवा तर स्प्रॉकेटचा शाफ्ट १८० ला. मोटारीपासून तिथंपर्यंत आठपटच हवी. तुझी पहिली पुलीजोडी तशीच ठेव, चारपट. दुसऱ्या जोडीत १२ ची पुली काढून ६ ची लाव, दुप्पट. झालं. त्या शाफ्टवर पूर्ण एक एचपीचा जोर आला तरी ४० न्यूटन-मीटरच्या आत आहे आणि तुझ्याच २० मिलिमीटरच्या शाफ्टमध्ये ताण २५ च्या आसपास. शाफ्ट आखूड, दोन बेअरिंगांच्या मध्ये नीट धरलेला, म्हणजे वाकण्याचीही फार भीती नाही. वेल्ड केलेला भाग कापून काढ, उरलेला शाफ्ट वापर, नवा की-वे पाड.

मोटारही बदलू नकोस. एका वेळी ४० किलो रताळी आणि ती फिरताना एका बाजूला वीसेक सेंटिमीटर सरकून चढतात असं धरलं, तर लागणारा जोर साधारण ८० न्यूटन-मीटर, ३० आरपीएमला अडीचशे वॅट. पाणी आणि घर्षण धरूनही एक एचपी रग्गड झाला. पहिल्या टप्प्यात पट्टाच राहू दे, चेन नको. कधी दगड अडकला तर पट्टा घसरेल, ओरडेल, पण काही मोडणार नाही.

आणि मधला शाफ्ट गेल्यावर ड्रमची मधली जागा रिकामी झाली ना? तिथं भोकं पाडलेला पाइप घाल. पाणी आतून फवारलं जाईल. यंत्र चालवलं तेव्हा मामी बाहेरून बादलीने ओतत असणार.

सालीचं थोडक्यात. ताज्या काढलेल्या रताळ्याची साल कोवळी असते. फाडलेल्या जाळीच्या धारेवर घासली की निघते आणि साल गेलेलं रताळं लवकर कुजतं. जाळी काढ, प्लास्टिक पाइपच्या किंवा गुळगुळीत लाकडी पट्ट्या बोटभर फटी ठेवून लाव.

*

आता कोर्स. नको. तुला सॉफ्टवेअर येतं, पत्रासोबतच्या मॉडेलवरून दिसतंय. घरी काढायला फ्रीकॅड फुकट मिळतं, एका ड्रमला ते पुरून उरेल. ६५ हजारांत या यंत्राचं दुसरं रूप, एक स्वतःचा व्हर्निअर आणि मायक्रोमीटर एवढं येऊन वर पैसे उरतील. स्क्रीनवर पाइप आणि अँगल एकमेकांतून आरपार गेले तरी कुणी ओरडत नाही. वेल्डर ओरडतो. ते ओरडणं ऐकायचा क्लास मला बेळगावात तरी ठाऊक नाही.

आणि क्वालिटीला कंटाळलायस, हे वाचून मला खरं तर थोडा राग आला. डिझाइन शिकायला याहून चांगली खुर्ची आहे कुठली? ६२०४ बेअरिंगचं उदाहरण घे. बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर. हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराचं, भोक 'एच सात' या ठरलेल्या मुभेत मागितलं तर ४७.००० ते ४७.०२५, म्हणजे २५ मायक्रॉनची मुभा. तू रोज असली भोकं मोजतोस, रिजेक्ट लिहितोस. कधी विचारलंस का, याला २५ च का? ५० दिली असती तर काय बिघडलं असतं? कधी उत्तर येईल, "बेअरिंग हाउसिंगमध्ये फिरायला लागलं असतं". कधी येईल, "काही नाही, जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी केलंय". दोन्ही उत्तरं सोन्याची. कुठलं माप पुन्हापुन्हा चुकतं, कुठल्या मशीनवर, पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात, हे तुझ्या रिपोर्टांत पडलेलं आहे आणि डिझाइनवाल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. तो गेल्या वर्षभरात शॉपमध्ये किती वेळा उतरला, विचार.

मग तोच विचार ड्रमला लाव. त्या कड्यात दोन-तीन मिलिमीटरचा वाकडेपणा चालेल का? रोलरवर चालेल, थोडा उडेल. पण ज्या कड्यावर चेन वेल्ड करणार ते तेवढं वाकडं असलं तर स्प्रॉकेट एका बाजूला सुटेल आणि दुसऱ्या बाजूला रुतेल. म्हणून स्प्रॉकेटचा पाया लांबट भोकांवर ठेव, मागेपुढे सरकवता येईल असा. आणि ज्या जागी सुताने मोजून भागतं तिथं मायक्रॉन लिहिलास तर टर्नर तुझ्याकडे बघून नुसता हसेल आणि बिल दुप्पट लावेल.

हसण्यावरून आठवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पंपाच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग केलं होतं. तेव्हा बोर्डावर पेन्सिलीने काढायचो. फार सुबक आलं होतं, साहेबांनी पाठ थोपटली. ब्रॅकेट तयार होऊन आलं. आमचे फिटर, वय साठीकडे झुकलेलं, बोल्ट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "साहेब, बोल्ट घातलासा ते बरं केलासा. पाना कुठनं घालू?" आठ नंबरचा बोल्ट, त्याला तेराचा पाना. बोल्टच्या मध्यापासून बाजूची भिंत मी आठ मिलिमीटरवर ठेवली होती. सॉकेट आत जाईना, रिंग पाना फिरेना. अशी ३० ब्रॅकेटं ओतून आली होती. सगळ्यांच्या भिंती ग्राइंडरने खाव्या लागल्या. त्यानंतर मी पान्याच्या बाहेरच्या मापांचा एक कागद ड्रॉइंग बोर्डला चिकटवून ठेवला, तो निवृत्तीपर्यंत होता.

दुसरी फजिती याहून वाईट, कारण ती सगळ्या शॉपला कळली. कडा बोथट करायच्या होत्या म्हणून मी ड्रॉइंगवर मराठीत लिहिलं, "सर्व बाजूंनी धार काढा". ड्रॉइंग लेथवर गेलं. टर्नर कन्नड, पण मराठी उत्तम बोलायचा. त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "आणि म्हैस कुठाय ओ?"

म्हणून ड्रॉइंगवर शब्द कमी आणि खुणा जास्त ठेव. आपल्या भागात एकाच शेडमध्ये पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्याचा नमुना करणारा) मराठी, टर्नर कन्नड, वेल्डर उत्तर प्रदेशचा असतो. फर्स्ट अँगलची (बाजूची दृश्यं कशी मांडलीत ती) खूण, चॅम्फरचं (तिरप्या कापलेल्या कडेचं) माप, वेल्डची खूण या तिघांनाही सारख्याच कळतात. आणि कन्नड येत नसेल तर शॉपपुरतं तरी शीक. मी शिकलो तेव्हा माझ्या कामांना रांगेत लवकर नंबर लागायला लागला, हे निव्वळ स्वार्थाने सांगतोय.

रोलरचे ठोकळे फाउंड्रीतून ओतून घ्यायचा मोह होईल, उद्यमबागेत राहून तो सगळ्यांना होतो. एका नगासाठी पॅटर्न करू नकोस. पट्टीचं वेल्डिंग पुरे. दहा शेतकऱ्यांनी मागितलं तर बघू.

*

बेळगावच्या इंजिनिअरला कुणी सल्ला द्यायला बसलं की लक्ष्मणराव किर्लोस्कर आणतातच, तेव्हा मीही आणतो, पण वेगळ्या कारणाने. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये इथलं बिऱ्हाड हलवून कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. भाषणांत एवढंच येतं. मला त्यातली मधली गोष्ट आवडते. नांगर तयार झाला तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष पसरेल अशी भीती होती. नांगर चांगला होता आणि पडून होता. तुझा ड्रम तर अजून चांगलाही झालेला नाही, आणि तो गोठ्यात पडला म्हणून तू खचलायस.

मामा हसले हे मात्र मोलाचं आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टवर कुणी हसलं नव्हतं, बाइंडिंग करून मार्क दिले होते. पुढचंही काम असंच निवड : ज्याला दोन-पाच मैलांत मालक आहे, जो ते रोज वापरेल आणि बिघडलं की तुझ्या घरी येईल. खानापूर-चंदगडकडे काजूवाले आहेत, निपाणीकडे गुऱ्हाळं आहेत, शहापूर-वडगावात मागवाले आहेत. प्रत्येकाकडे एक तरी जागा असते जिथं माणूस वाकून, पोळून, नाहीतर बोट वाचवत काम करतोय. पण आधी ड्रम पुरा कर. अर्धवट टाकलेली पाच कामं मुलाखतीत दाखवण्यापेक्षा एकच, दोनदा मोडून तिसऱ्यांदा चाललेलं दाखव.

दाखवायचं कसं, तर एक साधी वही. डावीकडे तेव्हा काय धरलं होतं, उजवीकडे काय निघालं. "९० आरपीएम. चिकटली. हिशेब ५४." असं तारखेनिशी. फाटलेला शाफ्ट टाकू नकोस, तुकडा कापून पिशवीत ठेव आणि मुलाखतीला टेबलावर ठेव. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. चकचकीत रेंडर बघून आम्ही पान उलटायचो. असला तुकडा पुढे आला असता तर तासभर बोललो असतो. एक सांभाळ : कारखान्यातलं एकही ड्रॉइंग, फोटो, पार्ट नंबर त्या वहीत येऊ देऊ नकोस. गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग त्याच्या मालकीचं असतं, आणि विमानाच्या भागांची कामं आपल्याकडे होतात तिथं तर नोकरी जाईलच, वर वकील मागे लागेल. शिकलेलं डोक्यात घेऊन ये, कागद तिथंच ठेव.

वडिलांशी भांडू नकोस. त्यांना तारीख दे. एक वर्ष, एक चालतं यंत्र आणि डिझाइनच्या पाच मुलाखती. नाही जमलं तर बेंगळूर कुठं पळून जात नाही, रात्री बस असतेच.

सामान आणायच्या आधी दोन कामं. पहिलं, गोठ्यासमोरच्या अंगणात खडूने ड्रम, मोटार, पट्टे सगळं पूर्ण मापात आखून घे आणि त्यात उभा राहून बघ, बादली घेऊन फिरता येतं का. वायर कुठून येते तेही आख. पाणी, मोटार आणि अनवाणी माणसं एकत्र येणार आहेत, तेव्हा ३० मिलिअँपिअरला सुटणारा लीकेज ब्रेकर आणि नीट अर्थिंग याशिवाय मोटारीचं बटण दाबायचं नाही. पट्ट्याला आणि चेनला पत्र्याचं झाकण पहिल्या दिवसापासून. तुझ्या फोटोत पट्टा उघडा आहे आणि मागे एक लहान मूल उभं आहे, ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

दुसरं. तुझ्या पत्रात मामा दोनदा येतात, मामी एकदाच. शेत मामांचं असेल, पण रताळी मामी धुते. तिला तू एकदाही काही विचारल्याचं दिसत नाही. या रविवारी टेप घेऊन जा. भरलेली बुट्टी ती कुठपर्यंत न वाकता, न ताणता उचलते ते मोज. ड्रमचं तोंड तेवढ्या उंचीवर. ओढ्यावर एका बुट्टीला किती वेळ लागतो तोही घड्याळ लावून बघ, आणि तुझा ड्रम त्याहून हळू निघाला तर मला लिही. नवरात्राच्या उपासाला रताळ्याची मागणी वाढते, त्याच्या आधी लिही.